लोकशिक्षक राजा

नाशिक जिल्ह्यात मालेगावच्या परिसरात कवळाणे नावाचे एक लहानसे खेडे आहे. या खेड्यात काशीराव गायकवाड नावाचे एक शेतकरी राहत असत. बडोद्याच्या राजघराण्याशी त्यांचे दूरचे नाते होते. परंतु ते केवळ नावापुरते उरले होते. राजवैभवाचा एकही किरण त्यांच्या अंगणापर्यंत पोहोचला नव्हता. पाऊस पडला तर शेत पिकावे आणि शेत पिकले तर घर चालावे, असा सारा प्रकार होता. अशा या घरात ११ मार्च १८६३ रोजी एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव गोपाळ. शेतात वडीलधाऱ्यांच्या हाताखाली राबावे आणि सवंगड्यांबरोबर रानात हिंडावे, यातच त्याचे बाळपण गेले. वयाची बारा वर्षे उलटली तरी त्याला धड अक्षरओळखही झाली नव्हती. त्या काळी खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलाची बहुधा हीच स्थिती असे आणि तिच्यात काही उणे आहे असे कोणास वाटतही नसे. परंतु या मुलाच्या आयुष्याला असे काही वळण लागले की, पुढे तोच आपल्या राज्यातील प्रत्येक मुलाने शाळेत गेलेच पाहिजे असा कायदा करणारा राजा झाला. बडोद्याचे महाराज श्रीमंत सयाजीराव गायकवाड ते हेच.

ही विलक्षण घटना घडली ती अशी. इ. स. १८७५ मध्ये इंग्रज सरकारने बडोद्याचे तत्कालीन राजे मल्हारराव यांना पदच्युत केले. गादी रिकामी पडली. तेव्हा पूर्वीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. गायकवाडांच्या दूरदूरच्या शाखांतील मुलांचा शोध सुरू झाला आणि तो कवळाण्यापर्यंत येऊन पोहोचला. बडोद्यास आणलेल्या मुलांना, तुम्हांला येथे कशासाठी आणले आहे हे ठाऊक आहे काय, असे विचारण्यात आले. इतर मुले गोंधळली. गोपाळने मात्र आपण राज्य करण्यासाठी आलो आहोत असे बेधडक सांगून टाकले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, २७ मे १८७५ रोजी गोपाळचे दत्तविधान झाले आणि त्याला सयाजीराव हे नाव मिळाले. कालपर्यंत मातीत खेळणारा मुलगा आज राजवाड्यात आला. भोवती हुजरे, मानकरी आणि चोपदार उभे राहिले.

परंतु मुकुट मस्तकावर चढला म्हणून अक्षरे आपोआप डोक्यात शिरत नाहीत. राज्याचे दिवाण राजा सर टी. माधवराव हे मोठे दूरदर्शी मुत्सद्दी होते. या मुलाच्या हाती पुढे लक्षावधी लोकांचे भवितव्य जाणार आहे, तेव्हा त्याचे शिक्षण हेच आजचे सर्वांत मोठे राजकार्य होय, हे त्यांनी ओळखले. इलियट नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याची महाराजांचे शिक्षक म्हणून नेमणूक झाली आणि बाराव्या वर्षी राजाच्या हाती पाटी आली. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदम शिकावयाच्या होत्या. त्यांच्या जोडीला गणित, इतिहास आणि भूगोल. ज्या वयात इतर मुले पुस्तके वाचून टाकतात, त्या वयात सयाजीराव बाराखडी गिरवीत होते. आरंभी तर हा विद्यार्थी मंदगती आहे असेच शिक्षकांना वाटले. परंतु हातात घेतलेले काम न सोडण्याचा शेतकऱ्याचा चिवटपणा त्याच्या अंगी होता. पहाटेपासून सायंकाळपर्यंत व्यायाम आणि अभ्यास यांचा क्रम अखंड चालू राहिला. सहा वर्षांत हा मुलगा राज्यकारभाराचे कागद स्वतः वाचून त्यांवर निर्णय देण्याइतका तयार झाला. २८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, राज्याची सर्व सूत्रे त्यांच्या हाती आली.

ज्याला विद्या जन्मतःच वारशासारखी लाभते, त्याला पुष्कळदा तिचे मोल कळत नाही. सयाजीरावांचे तसे नव्हते. अक्षराविना असलेले जग त्यांनी बारा वर्षे पाहिले होते आणि अक्षरासहित असलेले जग त्यानंतर पाहिले. कवळाण्यातील आपले सवंगडी बुद्धीने आपल्याहून कमी नव्हते. त्यांना शाळा मिळाली नाही आणि आपल्याला मिळाली, एवढाच काय तो भेद, ही गोष्ट त्यांच्याइतकी स्पष्टपणे कोणत्या राजाला दिसली असेल? दैवयोगाने एका मुलाला जे लाभले ते राज्यातील प्रत्येक मुलाला हक्काने लाभावे, हेच त्यांच्या पुढील आयुष्यातील अनेक कार्यांचे मूळ सूत्र होते, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु इच्छा वेगळी आणि व्यवस्था वेगळी. बडोद्याचे राज्य सलग नव्हते. बडोदा, कडी, नवसारी आणि अमरेली हे त्याचे चार मुख्य प्रांत गुजरात व काठेवाड यांत विखुरलेले होते आणि त्यांच्या मधून मधून दुसऱ्यांचे मुलूख पसरलेले होते. प्रजा मुख्यतः गुजराती बोलणारी आणि शेतीवर जगणारी. शाळा होत्या त्या बहुतेक शहरांतून व मोठ्या गावांतून, आणि त्यांचा लाभ घेत ते मुख्यतः वरच्या वर्गातील लोक. शिक्षण आधी वरच्या वर्गांना द्यावे, मग ते झिरपत झिरपत खालच्या वर्गांपर्यंत जाईल, असे त्या काळच्या अनेक इंग्रज अधिकाऱ्यांचे मत होते. या मतावर महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले यांनी कडाडून हल्ला चढविला. इ. स. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन सादर करून, बारा वर्षांच्या वयापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. ब्रिटिश मुलुखात ती मागणी कागदावरच राहिली. त्याच सुमारास बडोद्यात मात्र एक तरुण राजा त्याच दिशेने पावले टाकू लागला होता.

प्रथम शाळांचे जाळे विणणे अवश्य होते. ज्या गावात शाळाच नाही, त्या गावच्या मुलाला शाळेत जा म्हणून सांगण्यात काय अर्थ? म्हणून लहान खेड्यांसाठी ग्रामशाळा काढण्यात आल्या. शाळेमागोमाग शिक्षकाचा प्रश्न आलाच. चार भिंती उभारावयास काही महिने पुरतात. पण चांगला शिक्षक घडावयास वर्षे लागतात. त्यासाठी पुरुष शिक्षकांसाठी व स्त्री शिक्षकांसाठी अध्यापनाची स्वतंत्र विद्यालये सुरू करण्यात आली. तिसरी गोष्ट भाषेची. महाराज स्वतः मराठी होते आणि दरबारातील अनेक मानकरीही मराठी होते. तरीसुद्धा प्रजेची बहुसंख्य मुले गुजराती बोलतात, तेव्हा त्यांचे प्राथमिक शिक्षण गुजरातीतूनच झाले पाहिजे, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. मराठी मुलांसाठी मराठी आणि उर्दू बोलणाऱ्या मुलांसाठी उर्दू शाळाही होत्या. राजाची भाषा प्रजेवर लादावयाची नाही, तर प्रजेच्या भाषेतून प्रजेला शहाणे करावयाचे, हे धोरण होते.

इ. स. १८८७ मध्ये प्रकृतिस्वास्थ्यासाठी महाराज प्रथमच युरोपात गेले. त्यानंतर त्यांनी अनेकदा परदेशप्रवास केले. परंतु ते नुसते हवापालटाचे प्रवास नव्हते. शाळा, ग्रंथालये, कारखाने, संग्रहालये जेथे जेथे दिसत, तेथे तेथे त्यांच्यातील विद्यार्थी जागा होई. इंग्लंडसारख्या संपन्न देशातही मुलांना शाळेत पाठविण्याची सक्ती सर्वत्र लागू झाली होती ती १८८० साली, म्हणजे त्यांच्या भेटीच्या अवघ्या सात वर्षे आधी. जे इंग्लंडने स्वतःच्या मुलांसाठी अवश्य मानले, ते हिंदुस्थानातील मुलांसाठी अनावश्यक कसे ठरते?

तरीही महाराजांनी घाई केली नाही. त्यांच्या कार्यपद्धतीचा हा विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. एका फर्मानाने साऱ्या राज्यात सक्ती पुकारणे त्यांना अशक्य नव्हते. पण तयारीवाचून काढलेले फर्मान दप्तरात पडून राहते आणि लोकांच्या मनात नव्या गोष्टीविषयी अढी तेवढी बसते. म्हणून इ. स. १८९३ मध्ये काठेवाडातील अमरेली तालुक्यात केवळ दहा गावांपुरता सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू करण्यात आला. सक्ती आणि मोफत, हे दोन शब्द येथे जोडीने येतात, हे विसरता कामा नये. गरिबाच्या मुलाला शाळेत येण्याची सक्ती करावयाची आणि वर त्याच्या बापाकडून फी मागावयाची, हा अन्याय झाला असता. उलट, शिक्षण मोफत आहे पण येणे न येणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे असे म्हटले असते, तर ज्याला शाळेची सर्वांत अधिक गरज तोच मुलगा शाळेबाहेर राहिला असता.

खेड्यातील बापाची बाजूही आपण समजून घेतली पाहिजे. सात-आठ वर्षांचा मुलगा त्याला ओझे नव्हता. तो घरचा एक कामकरी होता. गुरे वळणे, पाखरे राखणे, धाकटे भावंड सांभाळणे, ही कामे त्याच्याकडे असत. तो शाळेत गेला की ती कामे कोणी करावीत? शिवाय, पाटीवर रेघोट्या ओढून पोट कसे भरणार, हे त्या बापाला कोणी समजावून सांगितले नव्हते. गैरहजर मुलांच्या पालकांना दंड करण्याची तरतूद होती, आणि काही पालक दंड भरणे पत्करीत, पण मुलाला शाळेत धाडीत नसत. आजारी मुले, ज्यांच्या घराजवळ शाळा नाही अशी मुले, यांना सूट देणेही प्राप्त होते. कोणती सूट खरी आणि कोणती सबब, हे ठरविणे सोपे नव्हते. अशा असंख्य बारीकसारीक अडचणी मोठ्या राजधानीत बसून सुचत नाहीत. त्या दहा गावांत प्रत्यक्ष काम करतानाच दिसतात. प्रयोग लहान ठेवण्यामागचे इंगित हेच होते.

आठ वर्षे या प्रयोगाकडे बारकाईने लक्ष पुरविण्यात आले. याच काळात गुजरातवर छपन्नच्या दुष्काळाचे भीषण संकट कोसळले. इ. स. १८९९-१९०० चा तो दुष्काळ जुन्या पिढीतील माणसे कित्येक वर्षे विसरली नाहीत. माणसे अन्नावाचून मेली, गुरे चाऱ्यावाचून मेली. इ. स. १८९१ मध्ये सुमारे २४ लाख असलेली बडोदे राज्याची लोकसंख्या १९०१ च्या शिरगणतीत सुमारे साडेएकोणीस लाखांवर आली. अशा वेळी शिक्षणावरील खर्च आधी छाटावा, असा सल्ला देणारे पुष्कळ निघतात. कारण शाळा बंद पडली तर तिचा आक्रोश दरबारापर्यंत ऐकू येत नाही. परंतु सयाजीरावांनी पाऊल मागे घेतले नाही. त्याच १९०१ साली सक्तीचे शिक्षण संपूर्ण अमरेली तालुक्याला लागू झाले. आणि १९०६ मध्ये कायदा करून ते साऱ्या राज्यात अमलात आणण्यात आले. मुलांना बाराव्या वर्षापर्यंत आणि मुलींना दहाव्या वर्षापर्यंत शाळेत जाणे बंधनकारक झाले. दहा गावांत पेरलेले बी तेरा वर्षांनी साऱ्या राज्यात उगवले.

मुलींसाठी ही मर्यादा दोन वर्षांनी कमी का, असा प्रश्न आज आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर त्या काळच्या चालीरीतींत आहे. नवव्या-दहाव्या वर्षी मुलीचे लग्न उरकून टाकण्याची रूढी सर्वत्र बलवत्तर होती. अशा मुलीला बाराव्या वर्षापर्यंत शाळेत ठेवावयाचे, तर लढाई केवळ निरक्षरतेशी नव्हती, ती बालविवाहाशीही होती. महाराजांनी तीही अंगावर घेतली. इ. स. १९०४ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा बडोद्यात झाला. महाराणी चिमणाबाई यांनीही स्त्रियांच्या उन्नतीच्या कार्यात मनापासून लक्ष घातले. शिक्षण हे समाजाच्या इतर व्यवहारांपासून तोडून काढता येत नाही. एक गाठ सोडवू लागले की दुसरी हाती येते, याचा अनुभव बडोद्यात पदोपदी येत होता.

सर्वांत कठीण गाठ होती ती अस्पृश्यतेची. अधिकार हाती आल्यानंतर लवकरच महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या मुलांसाठी सरकारी खर्चाने शाळा उघडल्या. शाळा उघडल्या, मुले आली; पण शिकवावयास शिक्षक मिळेना. या मुलांना शिकविण्यास सवर्ण हिंदू शिक्षक सहसा तयार होत नसत. तेव्हा मुसलमान शिक्षक आणि पुढे आर्यसमाजाचे कार्यकर्ते यांच्या साहाय्याने या शाळा चालविण्यात आल्या. नवसारी प्रांतात सोनगड येथे आदिवासी मुलांसाठी वसतिगृह काढण्यात आले. हुशार मुलांसाठी शिष्यवृत्त्या ठेवण्यात आल्या. अशाच एका शिष्यवृत्तीच्या आधारे एक तेजस्वी तरुण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकला आणि पदवीधर होऊन १९१३ मध्ये महाराजांच्याच साहाय्याने अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. तो तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर, भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार.

या गोष्टीचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. तो झाकून ठेवणे सत्याला धरून होणार नाही. शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. परंतु जगातील नामांकित विद्यापीठात शिकून आलेल्या या विद्वानाला बडोदे शहरात राहावयास कोणी जागा देईना. कचेरीतही त्यांचा अपमान होऊ लागला. पारशांच्या एका विश्रामगृहात त्यांनी आसरा घेतला. पण त्यांची जात समजताच तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. अखेर त्यांना बडोदे सोडावे लागले. राजाने शाळेचे दार उघडले होते; परंतु शहराने घराचे दार बंद केले. एका राजाची इच्छा कितीही प्रामाणिक असली, तरी समाजाच्या मनावर शतकानुशतके चढलेली पुटे एका कायद्याने खरवडून निघत नाहीत, हे त्या घटनेने दाखवून दिले.

सक्तीचा कायदा झाल्यावर आणखी एक उणीव ध्यानात आली. मूल चार-पाच वर्षे शाळेत जाई, वाचावयास शिके आणि मग शेतात वा धंद्यात गुंतून जाई. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही. मग शिकलेली अक्षरे हळूहळू पुसट होत आणि काही वर्षांनी तो पुन्हा निरक्षरांच्या रांगेत जाऊन बसे. नांगरलेल्या शेतात पेरणी केलीच नाही, तर तेथे गवतच माजणार. यावर उपाय काय? शाळा सुटल्यावर माणसाच्या हाती पुस्तक पोहोचले पाहिजे.

या कामी गुजरातमधील मोतीभाई अमीन या शिक्षकाने आधीपासूनच पुढाकार घेतला होता. गावोगाव वाचनालये स्थापन करण्याचा ध्यास त्यांनी घेतला होता. महाराजांनी अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये स्वतः पाहिली होती. तेथील बोर्डन नावाच्या अनुभवी ग्रंथपालास त्यांनी १९१० मध्ये बडोद्यास बोलाविले आणि ग्रंथालयांचे एक स्वतंत्र खाते निर्माण केले. राजवाड्यातील आपला सुमारे वीस हजार ग्रंथांचा संग्रह महाराजांनी प्रजेसाठी देऊन टाकला. त्यातून बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. तेथे वाचकाला वर्गणी द्यावी लागत नसे.

गावांसाठी केलेली योजना तर अतिशय मार्मिक होती. गावकऱ्यांनी वाचनालयासाठी काही रक्कम जमवावी, तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने घालावी आणि तितकीच सरकारने. म्हणजे तीन हिश्शांतील एक हिस्सा गावाचा. सारा पैसा सरकारला देता आला नसता असे नाही. पण ज्या वस्तूत आपला पैसा गुंतला आहे, तिची माणूस काळजी घेतो. वाचनालय सरकारचे न राहता गावाचे झाले. पुढे अशा ग्रामवाचनालयांची संख्या हजाराच्या वर गेली. जेथे वाचनालय नव्हते, तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरत असत. एका गावची पुस्तके वाचून झाली की पेटी परत येई आणि दुसरी जाई. ने-आणीचा खर्च सरकार सोशी. ज्यांना मुळीच वाचता येत नाही अशांसाठी चित्रे व चलत्‌चित्रे दाखवून ज्ञान देण्याची सोय होती. मुलांसाठी व स्त्रियांसाठी वेगळे विभाग होते. ग्रंथांची वाण पडू नये म्हणून मराठी व गुजराती भाषांतून सुबोध पुस्तके लिहवून घेणाऱ्या माला सुरू करण्यात आल्या. पेटीच्या आगमनाची वाट पाहणारे खेडे ही त्या काळच्या हिंदुस्थानात अपूर्व गोष्ट होती.

प्राथमिक शिक्षण हा पाया झाला. महाराजांनी वरचे मजलेही दुर्लक्षिले नाहीत. बडोदे महाविद्यालयाने विद्वान प्राध्यापकांमुळे नाव मिळविले. इ. स. १८९० मध्ये स्थापन झालेल्या कलाभवनात रंगकाम, विणकाम, यंत्रविद्या, चित्रकला यांसारख्या हाताच्या विद्या शिकविल्या जाऊ लागल्या. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे याच कलाभवनाचे विद्यार्थी होते. प्राचीन संस्कृत ग्रंथांचे संशोधन करून ते प्रसिद्ध करणारी गायकवाड प्राच्य ग्रंथमाला १९१६ मध्ये सुरू झाली आणि जगभरच्या पंडितांना परिचित झाली.

बडोद्याची कीर्ती ब्रिटिश हिंदुस्थानातही पोहोचली. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९११ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सक्तीचे शिक्षण हिंदुस्थानास मानवणार नाही असे म्हणणाऱ्यांना उत्तर देताना त्यांनी बडोद्याचे उदाहरण पुढे केले. एका देशी संस्थानाला जे साधते, ते बलाढ्य इंग्रज सरकारला का साधू नये, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. परंतु मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी ते विधेयक फेटाळले गेले. पैसा नाही, लोकांची मागणी नाही, वेळ आलेली नाही, अशी कारणे पुढे करण्यात आली. जिद्दीचे कार्य मात्र अशा पराभवाने संपत नाही. इ. स. १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४० मध्ये सातारा येथे गरीब मुलांसाठी मोफत व निवासी माध्यमिक शाळा काढली, तेव्हा तिला त्यांनी महाराजा सयाजीरावांचेच नाव दिले.

महाराजांनी हाती घेतलेले कार्य त्यांच्या हयातीत पूर्ण झाले काय? नाही. सक्तीचा कायदा होऊन तीस वर्षे लोटली तरी राज्यातील अनेक माणसे निरक्षरच होती. अनेक मुले शाळेच्या पटावर होती, पण वर्गात नव्हती; आणि मुलींचे प्रमाण मुलांच्या मानाने पुष्कळच कमी होते. सयाजीरावांनी ही उणीव लपविली नाही, किंवा तिला भिऊन प्रयोग गुंडाळलाही नाही. जेथे दोष दिसला तेथे दुरुस्ती करावी आणि पुढे चालावे, हाच त्यांचा मार्ग होता. मूल येईना म्हणून सक्ती आली. गरिबाला झेपेना म्हणून ते शिक्षण मोफत झाले. शिकलेले विसरू लागले म्हणून ग्रंथालये आली. प्रत्येक पायरी मागच्या पायरीवरील अडखळण्यातून निर्माण झाली. देशाची शिक्षणव्यवस्था परिणामकारक होते ती एखाद्या चमत्काराने नव्हे, तर अशा सावध, सलग आणि दीर्घकाळ चाललेल्या प्रयत्नांनी.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबई येथे महाराजांचे निधन झाले. त्यांनी जवळजवळ चौसष्ट वर्षे गादी भूषविली होती. पुढे देश स्वतंत्र झाला. १९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी त्यांच्या नावाचे विद्यापीठ बडोद्यात स्थापन झाले. आपल्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे ध्येय राष्ट्रापुढे ठेवले. आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. अमरेलीच्या दहा गावांपासून या दिवसापर्यंत ११७ वर्षांचा काळ गेला.

आज आपण सकाळी दप्तर पाठीवर टाकून सहजपणे शाळेची वाट धरतो. ती वाट आपल्यासाठी पूर्वीपासूनच होती असे आपल्याला वाटते. पण ती कोणी तरी पाडलेली असते. तिच्यावरचे काटे कोणी तरी वेचलेले असतात. बाराव्या वर्षी प्रथम पाटी हाती धरणाऱ्या कवळाण्याच्या एका मुलाने ती पाटी राज्यातील प्रत्येक मुलाच्या हाती देण्यासाठी आपले आयुष्य वेचले. त्या वाटेवरून अजूनही न आलेले मूल आपल्या गावात असेल, तर त्याचा हात धरून त्याला शाळेत आणणे हे आता आपले काम आहे.